गाठीच्या कडेवरचे निळे ठिपके: आतड्याच्या कर्करोगात प्रतिकारक पेशी नेमके काय करतात?

खानापूर तालुक्यातील एका शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो. त्यांच्या ५१ वर्षांच्या वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील गाठ तीन आठवड्यांपूर्वी बेळगावात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. तपासलेल्या १८ लसिकाग्रंथींपैकी दोहोंत कर्करोग सापडला. यकृत आणि फुप्फुसे स्वच्छ आहेत. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टातील दोन गोष्टींनी घरातले गोंधळले आहेत. गाठीत आणि तिच्या कडेला लिम्फोसाइट या प्रतिकारक पांढऱ्या पेशींची दाट गर्दी आहे, ही एक. आणि कर्कपेशींत एमएसएच-२ व एमएसएच-६ ही प्रथिने आढळत नाहीत, ही दुसरी. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या आत्याचे, म्हणजे वडिलांच्या बहिणीचे, गर्भाशय, वयाच्या पंचेचाळिशीत, कर्करोगामुळेच काढावे लागले होते. आता शेजारचे एक गृहस्थ प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा आणून देतात, आणि मुंबईच्या एका नातेवाइकाने इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारक पेशींनाच कर्करोगाशी लढायला मोकळे करणाऱ्या उपचाराचे, नाव काढले आहे. शरीराचे रक्षक एवढ्या संख्येने जमले होते तर गाठ वाढलीच कशी, काढ्याने त्यांना बळ मिळेल काय, आणि इम्युनोथेरपी वडिलांना लागू आहे काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी गेली तीस वर्षे सूक्ष्मदर्शकासमोर बसून हेच काम करतो, त्यामुळे उत्तर काचेवरूनच सुरू करतो. नेहमीच्या रंगकामात पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. कर्कपेशी मोठ्या, बेढब, एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि त्यांच्या अधूनमधून मोहरीच्या दाण्यांसारखे बारीक, गोल, गडद निळे ठिपके दिसतात, ते लिम्फोसाइट. काही गाठींत हे ठिपके कर्कपेशींच्या रांगांमध्ये थेट घुसलेले असतात, काहींत बाहेरच्या कडेलाच थबकलेले असतात, तर काहींत गाठीपासून थोड्या अंतरावर, आतड्याभोवतीच्या चरबीत, त्यांचे गोल गोल तळ पडलेले दिसतात. या तळांच्या मध्यभागी बी-पेशी असतात आणि भोवती टी-पेशी (हे लिम्फोसाइटचेच दोन प्रकार), म्हणजे शरीराने युद्धभूमीजवळ उभारलेली लहानशी लसिकाग्रंथीच ती. मी शिकत होतो तेव्हा आम्ही या सगळ्याला ‘दाह’ एवढा एक शब्द लिहून पुढच्या काचेकडे वळत असू, याची आज थोडी लाज वाटते.

ही दृष्टी बदलली ती २००६ मध्ये. पॅरिसमधील जेरोम गालों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या गाठींतील टी-पेशी मोजल्या, आणि त्यांचा प्रकार, त्यांची दाटी व त्यांची जागा या तीन गोष्टींवरून रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज, कर्करोग किती पसरला आहे यावरून बांधलेल्या अंदाजाइतकाच, किंबहुना त्याहून चांगला येतो, असे दाखवून दिले. त्यातून जी मोजणी पुढे आली तिला इम्युनोस्कोर म्हणतात. गाठीच्या मध्यभागी आणि तिच्या पुढे सरकणाऱ्या कडेवर, अशा दोन ठिकाणी, सर्व टी-पेशी आणि त्यांतील मारक टी-पेशी मोजायच्या, अशी ती पद्धत आहे. २०१८ मध्ये १३ देशांतील २,६८१ रुग्णांच्या गाठींवर ती पडताळली गेली, आणि ज्यांच्या गाठीत या पेशी दाट होत्या त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण सर्वांत कमी आढळले. मधल्या भागापेक्षा कडेवर काय चालले आहे यावर पुष्कळ काही ठरते, हे आम्हा सीमाभागातल्या माणसांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा आपल्या वडिलांच्या रिपोर्टातील दाट गर्दीची नोंद चांगल्या बाजूची आहे, हे आधी मनात धरा.

मग गाठ वाढलीच कशी? याचे उत्तर आतड्याच्या स्वभावात आहे. प्रतिकारक पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या भिंतीत आहे, आणि तरीही त्या भिंतीला रोज परक्याच वस्तूंशी व्यवहार करावा लागतो: भाकरी, आमटी, दूध, आणि कोट्यवधी जिवाणू. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाला समोरून येणारा प्रत्येक माणूस अनोळखीच असतो, पण म्हणून तो प्रत्येकावर लाठी उगारत नाही. उगारली तर यात्राच बंद पडेल. आतड्यातील प्रतिकारक पेशींना जन्मापासून हाच संयम शिकवलेला असतो. त्यासाठी तेथे नियंत्रक टी-पेशी मोठ्या संख्येने असतात, ज्यांचे काम इतर टी-पेशींना आवरून धरणे हेच आहे. या पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये ओळखल्या, आणि २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना व मेरी ब्रन्कोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना याच विषयातील कामासाठी मिळाले. कर्करोग नेमका या संयमाचा फायदा घेतो. स्वतःच्या शरीरातून निघालेली पेशी तशीही अर्धी ओळखीचीच असते, त्यात ती सभोवती ‘शांत राहा’ असे रासायनिक निरोप पसरवते.

मारक टी-पेशीला कामाला लागायचे तर आधी तिला कोणीतरी शत्रूची ओळख पटवून द्यावी लागते. हे काम डेंड्रिटिक पेशी करतात; त्या गाठीतून कर्कपेशींचे तुकडे उचलतात, जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि टी-पेशींना दाखवतात. या पेशी शोधणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता आणि २०११ च्या नोबेलची घोषणा होण्याच्या तीन दिवस आधी ते वारले. आमच्या क्षेत्रातील ही गोष्ट सांगताना मला अजूनही जड जाते. ओळख पटलेली टी-पेशी गाठीपर्यंत पोहोचते, पण दीर्घकाळ लढत राहिलेल्या टी-पेशीच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचा एक ब्रेक येतो. कर्कपेशी आणि त्यांच्या संगतीतील भक्षक पेशी पीडी-एल-१ हे प्रथिन पुढे करून तो ब्रेक दाबून धरतात. पीडी-१ चा शोध १९९२ मध्ये जपानमधील तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला, आणि ब्रेक सोडवण्याच्या उपचारासाठी २०१८ चे नोबेल त्यांना व जेम्स ॲलिसन यांना मिळाले. म्हणजे आपल्या वडिलांच्या गाठीतील निळे ठिपके झोपलेले नव्हते; ते पोहोचले होते, शत्रू ओळखला होता, बराच काळ लढले होते, आणि मग त्यांचे हात बांधले गेले.

बाकीच्या पेशींचे वागणे इतके सरळ नसते. मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या भक्षक पेशी, योग्य संकेत मिळाले तर कर्कपेशी गिळतात. पण वाढत्या गाठीत त्यांना जखम भरून काढण्याचे संकेत मिळत राहतात, आणि मग त्या नव्या रक्तवाहिन्या आणवतात, टी-पेशींना दूर ठेवतात, एका अर्थाने गाठीची चाकरी करतात. न्यूट्रोफिल हे संसर्गातले आपले पहिले शिपाई, पण रक्तात त्यांचे प्रमाण लिम्फोसाइटच्या तुलनेत फार वाढलेले असेल तर पचनमार्गाच्या बहुतेक कर्करोगांत ते चांगले लक्षण नसते. एनके पेशी हा मारक लिम्फोसाइटचा आणखी एक प्रकार, त्यांना तर पूर्वओळखीचीही गरज नसते. मात्र तोंडात राहणारा फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा जिवाणू आतड्याच्या काही गाठींत वस्तीला येतो आणि आपल्या एका प्रथिनाने एनके पेशींवरचा एक ब्रेक दाबतो, असे २०१५ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले आहे. याचा रोजच्या उपचारात अजून उपयोग नाही, पण कर्करोग एकटा नांदत नाही हे त्यावरून कळते.

आता रिपोर्टातील दुसऱ्या ओळीकडे येतो, कारण पहिल्या ओळीचे कारण तिच्यात आहे. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या शोधून दुरुस्त करणारी चार मुख्य प्रथिने आहेत, एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६. छापखान्यातील मुद्रितशोधकच म्हणा. तो रजेवर गेला तर प्रत्येक आवृत्तीत चुका साचत जातात, विशेषतः जेथे एकच अक्षर सलग अनेकदा येते तेथे. अशा पेशी विचित्र, शरीराने पूर्वी कधी न पाहिलेली प्रथिने तयार करतात, आणि टी-पेशींना नेमके तेच हवे असते: परके वाटावे असे काहीतरी. म्हणून दुरुस्ती बिघडलेल्या गाठींत लिम्फोसाइटची गर्दी होते. मोठ्या आतड्याच्या सर्व कर्करोगांपैकी साधारण १५ टक्के या प्रकारचे असतात, ते उजव्या बाजूला अधिक आढळतात. पण दूरच्या अवयवांत पसरलेल्या रोगात हेच प्रमाण ४-५ टक्क्यांवर येते.

ही तपासणी आम्ही कशी वाचतो, तेही सांगतो, कारण त्यात या पेशींचा एक वेगळाच उपयोग आहे. आयएचसी, म्हणजे ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या तपासणीत एमएसएच-२ असलेले केंद्रक तपकिरी होते, नसलेले निळेच राहते. आपल्या वडिलांच्या काचेवर मोठ्या कर्कपेशी निळ्या आणि त्यांच्यामध्ये घुसलेले बारीक लिम्फोसाइट मात्र स्वच्छ तपकिरी, असे चित्र असणार. लिम्फोसाइटमध्ये दुरुस्ती शाबूत आहे, म्हणून त्यांचा तपकिरी रंग ‘तपासणी नीट झाली आहे’ याची साक्ष देतो. तेही निळे दिसले तर निष्कर्ष काढायचा नाही, काच नव्याने करायची. आमच्या भागात हा घोटाळा नवा नाही. एका नर्सिंग होममधून एकदा आतड्याचा तुकडा फॉर्मलिनऐवजी सलाइनमध्ये, पाण्याच्या बाटलीत, एसटीने माझ्याकडे आला होता. उन्हाळ्याचे दिवस, पाच तासांचा प्रवास. त्या काचेवर काहीच तपकिरी झाले नाही आणि त्या रुग्णाला इम्युनोथेरपीचे दार उघडले असते की नाही, हे कधीच कळले नाही. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मलिन हवे, आणि तेही काढल्याबरोबर.

सगळ्याच गाठी अशा असत्या तर काम सोपे झाले असते. दुरुस्ती शाबूत असलेल्या आतड्याच्या गाठींत, म्हणजे बहुसंख्य रुग्णांत, टी-पेशी कडेलाच अडतात किंवा येतच नाहीत, आणि नुसता ब्रेक सोडून फारसे काही साधत नाही. गाडीच जागेवर नसेल तर ब्रेक सोडून काय होणार? स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर गाठीभोवती तंतूंचे इतके घट्ट कवच असते की त्या काचेवर मला कर्कपेशींपेक्षा चिवट गुलाबी तंतूच अधिक दिसतात. जठराच्या कर्करोगात चित्र मिश्र असते. २०१४ च्या जनुकीय वर्गीकरणात तपासलेल्या गाठींपैकी सुमारे ९ टक्के एप्स्टाइन-बार विषाणूशी निगडित होत्या, सुमारे २२ टक्क्यांत दुरुस्ती बिघडलेली होती, आणि या दोन्ही प्रकारांत प्रतिकारक पेशी भरपूर असतात.

काढ्याच्या प्रश्नाला येथे उत्तर देता येते. ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ हा शब्दप्रयोगच मला खटकतो, कारण ती टाकीतल्या पाण्यासारखी एकच पातळी नाही, आणि पचनमार्गाच्या अनेक कर्करोगांची सुरुवातच प्रतिकाराच्या अतिरेकातून होते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठरात वर्षानुवर्षे राहतो, प्रतिकारक पेशी त्याला हुसकावू शकत नाहीत आणि लढणे सोडतही नाहीत. या न संपणाऱ्या दाहातून जठराचे अस्तर आधी झिजते, मग आतड्याच्या अस्तरासारखे बनते, आणि काही थोड्या लोकांत पुढे कर्करोग होतो. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. याच दाहातून कधी कधी जमलेल्या बी-पेशींचाच कर्करोग होतो, त्याला माल्ट लिम्फोमा म्हणतात, आणि नुसत्या प्रतिजैविकांनी जिवाणू मारल्यावर तो अनेकदा विरून जातो. लढाईचे कारण संपले की फौजही घरी जाते. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाच्या, रुग्णांना आठ वर्षांनंतर नियमित दुर्बिणीची तपासणी सांगतात, ती याच कारणाने.

गुळवेल, जिला आपल्याकडे अमृतबळ्ळी या कन्नड नावानेही ओळखतात, गाठीतील टी-पेशींचा ब्रेक सोडवते असा पुरावा नाही. उलट २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांत स्वतःच्याच प्रतिकारक पेशींनी यकृताला सूज आणल्याची निरीक्षणे प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यांवर आक्षेप घेतला, हेही नोंदवतो. वाद कसाही मिटो, किमोथेरपीचा भार यकृतावर पडत असताना त्यात आणखी एक संशयित घालू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका. उपचार संपेपर्यंत डॉक्टरांनी मनाई केली आहे असे माझ्या नावावर खुशाल सांगा.

इम्युनोथेरपीबद्दल आशा आणि हिशोब दोन्ही सांगायला हवेत. दुरुस्ती बिघडलेला आणि दूर पसरलेला आतड्याचा कर्करोग असेल तर पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ चा ब्रेक सोडवणारे औषध किमोथेरपीपेक्षा सरस ठरले आहे. २०२० मधील चाचणीत रोग न वाढता गेलेला मध्यम काळ किमोथेरपीने ८.२ महिने तर या औषधाने १६.५ महिने होता. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग संस्थेने या प्रकारच्या गुदाशय कर्करोगाच्या पहिल्या १२ रुग्णांना फक्त डोस्टार्लिमॅब हे त्याच वर्गातील औषध दिले आणि बाराही जणांची गाठ नाहीशी झाली, शस्त्रक्रिया लागली नाही. मुंबईच्या पाहुण्यांनी बहुधा हीच बातमी वाचली असावी. पण आपल्या वडिलांची स्थिती या दोन्हींहून वेगळी आहे: गाठ काढून झाली आहे, ग्रंथींत रोग होता, दूर पसरलेला नाही, म्हणजे तिसरा टप्पा. या टप्प्यासाठी आधार आहे तो २०२५ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीचा. ७१२ रुग्णांच्या या चाचणीत ऑक्झॅलिप्लॅटिनयुक्त किमोथेरपीला ॲटेझोलिझुमॅब या ब्रेक सोडवणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर तीन वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ७६.६ टक्क्यांवरून ८६.४ टक्क्यांवर गेले.

याचा अर्थ असा की किमोथेरपी हाच पाया आहे आणि ती शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हायला हवी. बेळगाव, मिरज की मुंबई या चर्चेत महिने घालवू नका. फक्त ५-एफयू या किमोथेरपीच्या औषधावर भागवण्याचा सल्ला कोणी दिला तर पुन्हा विचारा, कारण दुरुस्ती बिघडलेल्या गाठींत ते एकटे फारसे उपयोगी पडत नाही. ॲटेझोलिझुमॅब वर्षभर द्यावे लागते आणि या वर्गातील औषधांच्या एकेका मात्रेचा खर्च लाखाच्या घरात जातो, त्यामुळे शेत विकण्याचा विचार मनात येण्याआधी कर्करोगतज्ज्ञांशी दहा टक्क्यांच्या या फरकाबद्दल मोकळेपणाने बोला. ते परवडले नाही तर वडिलांना उपचारच मिळाला नाही, असे मानण्याचे कारण नाही. कमी मात्रेत निवोलुमॅब हे याच वर्गातील औषध देण्याचा टाटा मेमोरियलचा प्रयोग आपल्या कानावर येईल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत तोंडी औषधांच्या जोडीला, नेहमीच्या मात्रेऐवजी तीन आठवड्यांतून एकदा अवघे २० मिलिग्रॅम देऊन वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. निपाणीच्या तंबाखूची किंमत तोंडाने मोजणाऱ्या आमच्या भागासाठी ते काम अनमोल आहे, पण ते तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात झाले. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तेच चालेल असे त्यावरून म्हणता येत नाही. आणि ब्रेक सुटलेल्या टी-पेशी फक्त गाठीवरच जातात असेही नाही. थायरॉइड, यकृत, फुप्फुसे, खुद्द आतडे यांना त्या दाह करू शकतात. उपचार चालू असताना जुलाब सुरू झाले तर गावातल्या दुकानातून गोळी आणून थांबवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

शेवटी, जो प्रश्न आपण विचारला नाही पण विचारायला हवा होता, तो. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ दोन्ही नसणे, वडिलांचे ५१ वर्षांचे वय आणि पंचेचाळिशीतील आत्याचा गर्भाशयाचा कर्करोग, हे तिन्ही एकत्र आले की लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची शंका येते. वडिलांच्या रक्ताची जनुकीय तपासणी आधी व्हावी. दोष सापडला तर आपल्याला आणि आपल्या भावंडांना प्रत्येकी निम्मी शक्यता आहे, आणि तेवढाच एक दोष शोधायचा असल्याने आपली तपासणी सोपी होते. ज्यांच्यात तो निघेल त्यांनी विशीच्या पहिल्या टप्प्यापासून दर एक-दोन वर्षांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. अस्तरावर उगवलेले मस्से (पॉलिप) तेथेच काढता येतात. लिंच असलेल्यांत रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दोन वर्षे घेतल्याने पुढील काळात आतड्याचा कर्करोग साधारण निम्म्याने कमी झाल्याचे एका मोठ्या चाचणीत दिसले आहे, पण ते पोटाच्या अल्सरचा इतिहास पाहून, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावे.

आत्याचे गर्भाशय जेथे काढले तेथे तपासणीचा मेणाचा ब्लॉक अजून असेल तर लेखी अर्ज देऊन मागून घ्या. सहा वर्षांचा असला तरी त्यावर हीच चार प्रथिने तपासता येतात, आणि आत्याच्या गाठीतही एमएसएच-२ नसेल तर दोघा बहीण-भावांचे कोडे एकाच वेळी सुटण्याची बरीच शक्यता आहे. ब्लॉक आणताना कागदात गुंडाळून डब्यात ठेवा आणि गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडते.